वाजवणाऱ्याच्या कानशिलावरचा फेटा

फेटा बांधायला सगळ्यात अवघड डोकं कुणाचं? नवरदेवाचं नाही. तो घामेजलेला असतो, पण गप बसतो. पुढाऱ्याचंही नाही. त्याचा एक कान फोनला चिकटलेला असतो, मी दुसऱ्या कानाकडून सुरुवात करतो. अवघड डोकं सनईवाल्याचं. फुंकताना जबडा आवळला की कानशिलाचा स्नायू वर येतो, श्वास घेताना खाली बसतो. दर फुंकेला डोक्याचा घेर बदलतो. घट्ट बांधला तर कपाळ ठणकतं, सैल बांधला तर दुसऱ्या गाण्याला फेटा भुवयांवर. माझे वडील लग्नात सनई वाजवायचे. ते म्हणायचे, "लोकांना वाटतं मी सुरावर थांबलोय. मी फेटा सावरायला थांबलेला असतो."

मी सनई शिकलो नाही. महाद्वार रोडवर कापडाच्या दुकानात लागलो आणि फेटे बांधायला लागलो, त्याला आता 31 वर्षं झाली. लग्नं, मिरवणुका, बक्षीस समारंभ आणि सगळ्यात जास्त सत्कार. कोल्हापुरात सत्काराला तोटा नाही. शाल, श्रीफळ, फेटा. त्यातलं पहिलं कपाटात जातं, दुसरं खोबऱ्याच्या वड्यांत, आणि तिसरं कार्यक्रम संपल्यावर माझ्या पिशवीत परत येतं, कारण ते भाड्याचं असतं.

मार्चमध्ये आम्ही दोघं न्यू जर्सीला लेकीकडं होतो. तिच्या मंडळाचा पाडवा होता, म्हणून येतानाच तिनं बजावलं होतं, "बाबा, फेटे आणा." बारा नेले. तिथं गेल्यावर जावयानं न्यूयॉर्कला एका कार्यक्रमाची तिकिटं काढली, शेन युन म्हणून. चिनी शास्त्रीय नृत्य आणि संगीत, सोबत पूर्ण वाद्यवृंद. तिकिटाचा आकडा मी रुपयांत गुणला आणि पुन्हा गुणायचा नाही असं ठरवलं.

निघताना एक फेटा दुकानाच्या कॅरीबॅगेत घालून बरोबर घेतला. लाल-पिवळा बांधणीचा, माझा स्वतःचा, भाड्याचा नव्हे. बायको म्हणाली, "अहो, तिथं कोण बांधून घेणार आहे?" मी म्हणालो, "कलाकार आवडला तर असू दे जवळ." तिनं कपाळाला हात लावला.

लिंकन सेंटरच्या दारात रखवालदारानं पिशवी उघडायला लावली. त्यानं कापडाचं टोक धरून वर उचललं. कापड येतंय, येतंय, संपेचना. सहा मीटर. मागं रांग खोळंबली. लेकीनं इंग्रजीत सांगितलं की ही टोपी आहे. त्यानं माझ्या डोक्याकडं बघितलं, कापडाकडं बघितलं आणि आत सोडलं. बहुधा त्यालाही उशीर होत होता.

आता कार्यक्रम. नाचातलं मला ओ की ठो कळत नाही, पण कापडातलं कळतं, आणि तिथं पहिल्या अर्ध्या तासात जे कापड मी बघितलं ते आयुष्यात बघितलं नव्हतं. मुलींच्या बाह्या मनगटाच्या पुढं हातभर नव्हे, चांगल्या पुरुषभर लांब. पांढरंशुभ्र, पाण्यासारखं कापड. त्या बाह्यांना चिनी भाषेत 'पाण्याच्या बाह्या' असंच म्हणतात, आणि त्या चिनी ऑपेरातून आल्या आहेत. मनगटाचा एक हलका झटका दिला की कापड सुटतं, हवेत पूर्ण उलगडतं, आणि दुसऱ्या झटक्याला घडीघडीनं परत हातावर येतं. इतक्या हलक्या कापडाचं टोक हवेत सरळ नेणं म्हणजे काय, हे कापड हाताळणाऱ्यालाच कळेल. आम्ही शेमला सोडतो तेव्हा तो नीट पडावा म्हणून खाली दोन बोटांनी ओढतो. या पोरी टोकाला हातच लावत नव्हत्या. आणि पंधरा-वीस जणींच्या बाह्या एकाच क्षणी खाली. मी जावयाचा दंड धरून ठेवला होता असं तो नंतर सांगत होता.

मग मांचू, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या, दरबाराचा नाच. डोक्यावर पंख्यासारखा उभा, आडवा पसरलेला शिरपेच, आणि पायात असे जोडे की उंची टाचेला नाही, तळव्याच्या मधोमध. कुंडी पालथी घालून तिच्यावर उभं राहावं तसं. त्याच्यावर त्या चालत नव्हत्या, वाहत होत्या. डोक्यावरचं इतकं मोठं ओझं आणि मानेला एक हिसका नाही. मी सगळा वेळ त्यांच्या कानामागं बघत होतो, ते बसवलंय कसं म्हणून. दिसलं नाही. याला म्हणतात बांधणारा. ती बांधणारी बाई किंवा तो बाप्या आत कुठंतरी टाचण्या तोंडात धरून उभा असणार.

मागचा पडदा मात्र मला पटला नाही. पडदा म्हणजे संगणकावरचं चित्र. नाचणारा माणूस मागं उडी मारतो आणि त्याच क्षणी चित्रात उडताना दिसतो. लोक टाळ्या वाजवतात. मला ते कॅलेंडरवरच्या स्वर्गासारखं वाटलं, सगळंच गुलाबी आणि निळं. आता मी पडलो कोल्हापूरचा. ज्या गावात बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, सिनेमाकडं वळण्याच्या आधी, त्या गावच्या माणसानं पडद्याला नाक मुरडणं हा त्याचा हक्कच आहे. ते पडदे मीही बघितलेले नाहीत म्हणा. वडिलांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं मला सांगितलं, एवढंच.

आणखी एक. मध्येच एक-दोन नाच असे आले की त्यात आजचे चिनी पोलीस, मारहाण, छळ. लेकीनं कानात सांगितलं की ही मंडळी फालुन गोंग नावाचा पंथ मानणारी, चीननं 1999 साली त्यावर बंदी घातली, आणि 2006 मध्ये या लोकांनी न्यूयॉर्क राज्यात ही संस्था काढली. जगभर फिरतात, चीनमध्ये पाऊल ठेवता येत नाही. ऐकून वाईट वाटलं. पण खरं सांगतो, नाच म्हणून ते तुकडे फिके होते. कीर्तन रंगात आलंय आणि बुवांनी मध्येच माईकवर सभेचं भाषण सुरू करावं, तसं झालं.

मध्यंतरात सगळे बाहेर गेले, मी पुढं गेलो. रंगमंचापुढच्या खड्ड्यात वाद्यवृंद बसतो. वाकून बघितलं. व्हायोलिनच्या रांगा, पितळी वाद्यं, आणि मधेच त्यांची वाद्यं. एक दोन तारांचं उभं, त्याला अरहू म्हणतात. लहानशा पेटीवर अजगराचं कातडं ताणलेलं, आणि गजाचे केस दोन तारांच्या मधून ओवलेले, त्यामुळं गज वाद्यापासून सुटा होतच नाही. त्याच्या शेजारी पोटाशी धरायचा पिपा, चार तारांचा, अर्ध्या नासपतीसारखा. आणि एका खुर्चीवर एक मुलगा, पंचविशीतला असेल, वाद्य मांडीवर आडवं घेऊन त्याची पत्ती पुसत होता.

ते वाद्य बघून माझ्या पोटात कसंतरीच झालं. लाकडी निमुळती नळी, खाली पितळी कर्णा, वर दुहेरी पत्ती. सनईच! त्यांच्याकडं तिला सुओना म्हणतात. नाव फारसीतल्या सुरनावरून गेलेलं आणि आपली सनईही त्याच गोतावळ्यातली. पुढं सात भोकं, मागं अंगठ्याला एक. तिथंही लग्नात आणि मयताला हीच वाजते.

मला त्याची भाषा येत नाही, त्याला माझी. मी मोबाईल काढला आणि वडिलांचा फोटो दाखवला. फेटा, फुगलेले गाल, सनई. रखवालदार लांबून बघत होता. मुलानं मान वर करून फोटो बघितला, मग ओठांवर दोन बोटं ठेवून पत्ती धरल्याची खूण केली आणि कानशिलावर बोट टेकवलं. माझी शपथ, कानशिलावरच. मग डोळे मिटून दुखल्यासारखं तोंड केलं आणि हसला. मी पिशवीकडं हात नेला. तेवढ्यात घंटा झाली, लोक आत यायला लागले, तो सरळ बसला आणि त्याचा चेहरा एकदम बंद झाला, दुकानाचं शटर ओढावं तसा.

शेवटी पडदा पडला, नाचणारे ओळीनं वाकले, संचालकानं खड्ड्याकडं हात केला. मला फक्त वाद्यांची टोकं दिसली. फेटा पिशवीतच राहिला.

परतीच्या रेल्वेत जावई फोनवर वाचत बसला होता. म्हणाला, 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं या संस्थेतल्या जुन्या कलाकारांच्या तक्रारी छापल्यात. दुखापत झाली तरी उपचाराला जाऊ नये असं वातावरण, कोवळ्या पोरांवर दडपण. संस्थेनं हे नाकारलंय. कोण खरं ते मी एडिसनच्या लोकलमध्ये बसून कसं सांगणार? पण मला त्या मुलाचा बंद झालेला चेहरा आठवत राहिला. त्याला बिचाऱ्याला कदाचित नुसतं वाजवायला बसायचं असेल. तरीही आठवत राहिला.

पाडव्याला लेकीच्या ऑफिसातली एक चिनी मैत्रीण आली होती. लहानपणी शाळेत नाच शिकलेली. शेन युनला जाऊन आलो म्हटल्यावर तिनं भुवया उंचावल्या. तिच्या आईला ते लोक अजिबात आवडत नाहीत म्हणे. पण नाचाबद्दल भरभरून बोलली. हे जे शास्त्रीय म्हणतात ते आजच्या रूपात 1950 नंतर बसवलेलं आहे. 1954 मध्ये बीजिंगला नृत्यशाळा निघाली, जुन्या ऑपेरातल्या आणि युद्धकलेतल्या हालचाली वेचून शिस्त लावली. म्हणजे वय बघितलं तर माझ्या थोरल्या काकांएवढं. पण मुळं जुनी. यात हात सरळ रेषेत कधी जात नाही, सगळं गोल. तीन गोल सांगितले तिनं: एक आडवा, जात्यासारखा. एक उभा, रहाटासारखा. तिसरा आठच्या आकड्यासारखा. आणि डावीकडं जायचं असेल तर आधी उजवीकडं झुकायचं.

मी म्हटलं, हे तर खासबागेतला कुठलाही पैलवान सांगेल. उजवीकडं हूल दिल्याशिवाय डावीकडं पट कोण काढतो?

मग तिला फेटा बांधला. एक टोक तिच्या दातात दिलं, कापडाला पीळ घातला, फिरवायला लागलो. ती आरशात माझे हात बघत होती. मध्येच दातातलं टोक सोडून ओरडली, "थांबा, थांबा, परत करा!" लेक म्हणाली, "बाबा, ती म्हणतेय तुमच्या हातात तिन्ही गोल आहेत." टोक सुटल्यामुळं सगळा फेटा ढिला झाला तो वेगळाच. पहिल्यापासून बांधावा लागला. मंडळात खाली जेवणाची पंगत बसली होती आणि मी तिला आडवा गोल, उभा गोल करून दाखवत होतो. बायको दोनदा बोलवायला आली.

कोल्हापुरात परत आलो तर आठवड्यात एक सत्कार लागला. संस्थेचं नाव सांगत नाही, गिऱ्हाईक आहे. केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळाल्यापासून असले कार्यक्रम मिळेल त्या हॉलमध्ये होतात. शाहू महाराजांनी बांधलेलं ते थिएटर जळत होतं तेव्हा मी रस्त्यावर उभा होतो. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्यावर आत्ता लिहीत नाही, वेगळं लिहीन.

तर सत्कार. अकरा फेट्यांची ऑर्डर. व्यासपीठावरच्या अकरा जणांना बांधले. त्यातले चार जण कलाकार नव्हतेच, देणगीदार होते. हरकत नाही, त्यांच्यामुळंच मंडप उभा राहतो. पण दारात सनई-चौघडा वाजत होता, पाहुणे येतील तसा. सनईवाला साठीच्या पुढचा, डोक्यावर रुमाल बांधलेला, प्लास्टिकच्या खुर्चीवर. संयोजकाला विचारलं, "यांना?" तो म्हणाला, "मामा, ते वाजवायला आलेत." आणि गेला.

माझ्या पिशवीत तो लाल-पिवळा होता. अमेरिकेहून आल्यापासून तिथंच पडून होता. मी सनईवाल्याच्या मागं जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "काका, जरा थांबता का?" त्यानं डोळ्यांनीच नाही म्हटलं. समोरून पाहुणे येत होते, भूप ऐन रंगात होता. मग मी तसाच सुरू झालो. दातात द्यायला टोक नाही, कारण तोंडात सनई. टोक माझ्याच दातात धरलं. त्यानं फुंकलं की हात सैल सोडायचा, श्वास घेतला की ओढायचं. कानशिलापाशी दोन बोटं मोकळी ठेवली. दोनदा चुकलं, एकदा शेमला चौघडेवाल्याच्या टिपरीत अडकला. शेजारी उभी पोरं मोबाईल काढून हसत होती.

तुरा काढला तेव्हा त्याचा भूप संपत आला होता. त्यानं सनई खाली घेतली, दोन्ही हातांनी कानशिलं चाचपली आणि मागं वळून विचारलं, "परत कधी द्यायचा?"

"भाड्याचा न्हाई," मी म्हटलं. "वाजवा."