तेरावा खर्डा

आमच्या दिवाळी अंकाला कथा ऑगस्टअखेर हातात लागते. पुढचा महिना चित्रं आणि मुद्रितांत जातो. त्या सकाळी औशाचे एक गुरुजी कथेचा तेरावा खर्डा घेऊन आमच्या लातूरच्या ऑफिसात आले. फाइलचं नाव 'फायनल नवीन शेवटची 3'. म्हणाले, "सर, अजून आठ दिवस द्या. सुरुवातच जमंना."

कथा 2016च्या एप्रिलमधली, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हाची. तेरापैकी पहिला, चौथा, नववा आणि तेरावा खर्डा छापून टेबलावर शेजारीशेजारी मांडला आणि बदललेल्या ओळींखाली लाल रेघा मारत गेलो. पहिली दोन पानं लालभडक झाली. सहाव्या पानापासून पुढं कागद जवळपास कोरा.

दर वेळी लिहायला बसलं की गुरुजी पहिल्या ओळीपासून वाचायचे. दोन पानं होईस्तोवर शाळेची वेळ. म्हणजे सुरुवातीला तेरा हात, शेवटाला दोन. आणि शेवट ढिला असला की खोट सुरुवातीतच आहे असं वाटत राहतं.

पहिली ओळच बघा.
पहिला खर्डा: "टँकर आला तशी गल्ली पळाली."
चौथा: "टँकरचा आवाज ऐकताच गल्लीतील सर्व माणसे घाईघाईने धावत सुटली."
नववा: "दूरवरून येणाऱ्या टँकरच्या घरघरीने निद्रिस्त गल्लीला जाग आली."
तेरावा: "टँकर आला तशी सगळी गल्ली पळाली."

बदल फिरून जुन्या जागी यायला लागले की त्या ओळीचं काम संपलं समजावं. गुरुजी चारही कागदांकडं बघत बसले, चहा गार झाला.

खरी मोडतोड दुसरीकडं होती. नवव्या खर्ड्यात नंबर लावायचा प्रसंग सकाळचा संध्याकाळी नेला, पण पान पाचवर ऊन डोक्यावरच राहिलं. दोनशे लिटरचा ड्रम मधूनच दोन घागरी झाला. पाण्याची पहिली रेल्वेगाडी 12 एप्रिलला आली, पाडवा 8 ला होऊन गेला होता. पण एका दुरुस्तीत तीच गाडी पाडव्याच्या सकाळी आली! तेव्हा दहा डबे होते, डब्यात 50 हजार लिटर, म्हणजे पाच लाख. तेराव्या खर्ड्यात दहा लाख. पहिल्या खर्ड्यात यातलं एकही चुकलेलं नव्हतं. शिवाय म्हातारीचं "कामून ढकलायलाव रे?" जाऊन तिथं "का ढकलतोस?" आलं होतं. ते मात्र मी तिथल्या तिथं परत लावलं. अशा वेळी लेखकाची परवानगी मागत बसत नाही.

मग काम ठरवून दिलं. फाइल बंद. कागदावर दर प्रसंगाची एकच ओळ: कोण, कुठं, किती वाजता, हातात काय. नऊ प्रसंग निघाले, त्यातले दोन एकच काम करत होते, एक गेला. मग दुरुस्ती शेवटच्या पानापासून मागं, दोन ओळींत भरपूर जागा सोडलेल्या छापील प्रतीवर, लाल पेनानं. एका फेरीत एकच गोष्ट: आधी घटना, मग संवाद मोठ्यानं वाचून, शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. ऱ्हस्वदीर्घ आधी बघितलं तर उद्या काढायचा परिच्छेद आज सजवला जातो, आणि सजवलेला परिच्छेद काढवत नाही. पेनाच्या खुणा रात्री एकदाच फाइलीत चढवायच्या, चढवताना नवीन काही सुचलं तर ते वेगळ्या कागदावर. मोबाइलवर दुरुस्ती बंद. तिथं एका वेळी आठदहा ओळी दिसतात, कथा दिसत नाही.

चौथ्या दिवशी कथा आली. शेवट दीड पानानं कमी झाला होता, म्हातारी पुन्हा नीट भांडत होती.

छपाईच्या आदल्या संध्याकाळी गुरुजींचा फोन. "सर, पहिल्या ओळीतलं 'सगळी' काढता येईल का?" मी चिडूनच पहिला खर्डा काढला. त्यात 'सगळी' नव्हतं. छपाईची प्लेट अजून गेली नव्हती. काढलं.