डोव्हरच्या सामुद्रधुनीत ऐकलेला 'मेडे'

रोटरडॅमला कोळसा उतरवून रिकामं जहाज घेऊन आम्ही परत निघालो होतो. बारा ते चारचा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, माझी, म्हणजे सेकंड ऑफिसरची. डोव्हरच्या सामुद्रधुनीत ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, उसंत म्हणून मिळत नाही. नैर्ऋत्येला जाणारी जहाजं इंग्लंडच्या बाजूच्या लेनमधून, ईशान्येला जाणारी फ्रान्सच्या बाजूने, आणि या दोन्ही लेन आडव्या कापत डोव्हर-कॅलेच्या फेरीबोटी सुरूच. त्या दुपारी वाराही समोरून, चांगलाच जोराचा.

अचानक व्हीएचएफचा, म्हणजे जहाजांच्या बोलायच्या रेडिओचा, डीएससी हा संकटाचा अलार्म कर्कश वाजू लागला. कुणीतरी आपल्या रेडिओवरचं लाल झाकणाखालचं बटण दाबून धरलं होतं. पडद्यावर पोझिशन आली, आमच्या पुढे जेमतेम तीन मैल. पाठोपाठ चॅनल 16 वर, म्हणजे संकटासाठी सगळे ऐकत असतात त्या चॅनलवर, एका बाईचा आवाज. "मेडे, मेडे, मेडे." रेडिओवरची ही जिवावरच्या संकटातली हाक. यॉटचं नाव तीनदा. पुन्हा एकदा मेडे आणि नाव, मग अक्षांश-रेखांश. यॉटमध्ये पाणी शिरतंय, पंप पुरा पडत नाही, दोन माणसं आहेत, तातडीने मदत हवी. ओव्हर.

सुकाणूवर दाभोळचा एबी, म्हणजे अनुभवी खलाशी, होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, बाई जराही घाबरलेली वाटत नाही." घाबरली असणारच. पण काय बोलायचं आणि कोणत्या क्रमाने, हे तिला पाठ होतं.

डोव्हर कोस्टगार्डचं उत्तर लगेच आलं, "रिसीव्ह्ड मेडे." तेवढ्यात दुसरंच एक जहाज त्याच चॅनलवर कुणाला तरी पुकारायला लागलं. कोस्टगार्डने त्याला तोडलं, "सीलॉन्स मेडे." 'सायलेन्स' हा शब्द इथे मुद्दाम फ्रेंच वळणाने उच्चारतात. हे दोन शब्द कानावर पडले की संकटातलं जहाज आणि त्याच्या मदतीला लागलेले सोडून बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं. एरवी गजबजलेला तो चॅनल खरोखरच मोकळा झाला.

कॅप्टनसाहेब वर आलेच होते. सर्वांत जवळ आम्हीच आहोत, असं त्यांनी कोस्टगार्डला कळवलं, इंजिन स्टँडबायवर घेतलं आणि वेग उतरवला. बोसनने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, शिडी लावून ठेवली. रिकामं जहाज पाण्याबाहेर खूप उंच असतं आणि वाऱ्याबरोबर सरकत जातं, त्यामुळे यॉटच्या फार जवळ जाणं धोक्याचं. आम्ही वारा येतो त्या बाजूला, जरा लांब, आडवे उभे राहिलो. आमच्या आडोशाने यॉटभोवतीच्या लाटा जरा निवल्या. ती दोघं यॉटच्या कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या खोलगट जागेत, बसून बादलीने पाणी उपसताना दुर्बिणीतून दिसत होती. डोव्हरची लाइफबोट, म्हणजे किनाऱ्यावरची बचावनौका, आली, तिच्या माणसांनी मोठा पंप यॉटवर चढवला आणि तिला ओढत बंदराकडे नेलं. मग कोस्टगार्डने "सीलॉन्स फीनी", म्हणजे शांतता संपली, असं म्हणत चॅनल पुन्हा सगळ्यांना खुला केला.

वॉच सोडताना एबीने विचारलं, "साहेब, मेडे म्हणजे एक मे ना? कामगार दिनाचं नाव संकटाला कसं दिलं?" आपल्याकडे 1 मे म्हटलं की महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन, तेव्हा त्याचा प्रश्न रास्तच होता. पण या मेडेचा त्या तारखेशी काही संबंध नाही. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर फ्रेडरिक मॉकफर्ड हे वरिष्ठ रेडिओ अधिकारी होते. तिथून बरीच विमानं पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळावर जात. इंग्लिश आणि फ्रेंच दोघांनाही चटकन कळेल असा शब्द हवा होता. तारायंत्राच्या टिकटिकीत एसओएस अचूक कळतो, पण खरखरणाऱ्या रेडिओवर बोलताना 'एस' नीट ऐकू येत नसे. मॉकफर्डनी फ्रेंचमधला 'म'एदे' घेतला, म्हणजे 'मला मदत करा', आणि इंग्लिश कानाला तो 'मेडे' झाला. 1927 च्या वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेने बोलून द्यायच्या संकटसंदेशासाठी तोच ठरवला. म्हणजे ज्या पाण्यावरून उडणाऱ्या विमानांसाठी हा शब्द घडवला, तिथेच आम्ही तो ऐकला होता. हे सांगताना माझ्या अंगावर काटा आला.

इंग्रजी वर्तमानपत्रं आता कंपनी बुडायला आली तरी 'मेडे' लिहितात. मला ते रुचत नाही. जीव किंवा जहाज खरोखर धोक्यात असेल तरच हा शब्द उच्चारायचा. इंजिन बंद पडलंय पण बुडण्याची भीती नाही, अशा वेळी 'पॅन-पॅन' म्हणायचं. तोही फ्रेंचच, 'पॅन' म्हणजे बिघाड. उगाच मेडे देणं हा कित्येक देशांत गुन्हा आहे, कारण त्यापायी माणसं खवळलेल्या समुद्रात होड्या घालतात. सिनेमातला नायक एकदाच ओरडतो तेही चूक. तीनदा म्हणायचं ते गोंगाटात दुसरा कुठला शब्द वाटू नये म्हणून, आणि कुणी दुसऱ्याच्या मेडेविषयी नुसतं बोलत नाही, हे कळावं म्हणून.

आता नवा कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, आला की रेडिओ बंद ठेवून मी त्याच्याकडून अख्खा संदेश म्हणवून घेतो. बहुतेक पोरं आधी काय झालं ते सांगू लागतात. मी थांबवतो आणि पोझिशन आधी सांगायला लावतो. रेडिओ मध्येच बंद पडला, तरी कुठे यायचं हे तोवर कळलेलं असतं.