सहा सुतांपासून तेरा सुतांपर्यंत

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजूला घर बांधायचे म्हटले की भिंतींना जांभ्याचा चिरा जवळपास मिळतो, अंगणाची फरशी मात्र लांबून आणावी लागते. आमच्याकडचा काळा दगड छिन्नीने घडवता येतो, पण त्याच्या पातळ लाद्या निघत नाहीत. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते. म्हणून बहुतेक अंगणांना शहाबादी घातली जाते आणि ती कलबुर्गी जिल्ह्यातून ट्रकने येते.

मी या भागात साइट इंजिनिअर म्हणून घरबांधणीची कामे पाहते. मलप्रभेच्या काठच्या एका गावात जुन्या घराची दुरुस्ती चालू होती आणि शेवटी घरापुढचे १६ फूट रुंद व २४ फूट लांब अंगण फरसबंद करायचे होते. घरातल्या आजी वॉकर धरून चालत असत. त्यामुळे मालकांनी सुरुवातीलाच बजावले होते, की बाकी काही कमीजास्त झाले तरी चालेल, पण आईला अंगणात कुठे ठेच लागता कामा नये. ही अट मला फार महत्त्वाची वाटली. धडधाकट माणूस ज्या उंचवट्यावरून न पाहता जातो, त्याला वॉकरचा पाय अडतो आणि माणूस पुढे झुकतो.

मे अखेरीस, वळीव सुरू झाल्यावर माल आला. मागणी दोन बाय दोन फुटांच्या एक इंची, म्हणजे ८ सुती फरशीची होती. पहिल्या काही फरश्या उतरताच मेस्त्री म्हणाले, "मॅडम, एक उचलली तर हलकी लागते, दुसरीला दोन माणसं लागायलीत. हे काय एका जाडीचं नाही बघा." मी टेप लावला तेव्हा एक फरशी ६ सूत भरली आणि तिच्याच शेजारची १३ सूत. दोन बाय दोनच्या फरशीत हा फरक वजनाने जवळजवळ वीस किलोंचा होतो. मेस्त्रींच्या हातांना तो टेपच्या आधी कळला होता.

अडचण अशी, की खालचे काँक्रीट आधीच झालेले होते. उंबऱ्याची पातळी आणि गटाराचे तोंड दोन्ही पक्के होते, आणि त्यांच्या मधल्या १६ फुटांत दर फुटाला एक सूत याप्रमाणे दोन इंच उतार धरलेला होता. काँक्रीटपासून फरशीच्या वरच्या तोंडापर्यंत सगळीकडे अडीच इंच, म्हणजे २० सूत जागा होती. त्यात ६ सुती फरशीखाली १४ सूत मसाला, म्हणजे सिमेंट-वाळूचे मिश्रण, लागणार आणि १३ सुतीखाली जेमतेम ७ सूत उरणार. मसाला सुकताना आकसतो; जितका थर जाड आणि ओला, तितका तो जास्त बसतो. आज पातळीसाठी ताणलेल्या दोरीला बरोबर लागलेल्या दोन शेजारच्या फरश्या महिन्याभरात वरखाली होतात, त्या यामुळे.

मालकांचे म्हणणे पडले, माल परत पाठवा. पुरवठादार फोनवर म्हणाले, शहाबादीत एवढा फरक असतोच. त्यांच्या बोलण्यात निम्मे खरे होते. हा चुनखडक उथळ समुद्राच्या तळाशी थरांनी साचलेला आहे आणि दोन थरांच्या मध्ये जिथे मातीचा पातळ पदर आहे, तिथेच पाचर मारून तो सुटतो. दुरडीतल्या भाकरी जशा एकसारख्या जाडीच्या नसतात, तसे हे थरही नसतात, आणि एकच थर एका कडेला जाड तर दुसऱ्या कडेला निमुळता असू शकतो. पण खाणीवर त्यांची निवड करता येते, हे उरलेले निम्मे ते सांगत नव्हते. विक्री चौरस फुटावर होते आणि ट्रक भरतो वजनावर, म्हणून पातळ फरशी मिसळलेली असली तर त्याच गाडीत जास्त चौरस फूट बसतात. हे गिऱ्हाइकाने ओळखून असले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेस्त्रींनी तोडगा सुचवला, "चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक असे मसाल्याचे गठ्ठे टाकून बसवूया की. वरून लेव्हल दिसली की झालं." आमच्या भागात अशी कामे पुष्कळ होतात आणि ती मला मान्य नाहीत. गठ्ठ्यांच्या मधल्या पोकळीत पावसाचे पाणी शिरते, मुंग्या माती वर काढतात आणि मोटारसायकलचे चाक पोकळ जागी आले की फरशी तडकते. मशीनने घासून सगळे एका पातळीत आणावे, असेही कोणी सुचवले. पण घासून फार तर सूतभर निघते आणि दगडाचा खरबरीतपणा जातो, जो खानापूरच्या पावसात पायाला हवाच.

तेव्हा आधी निवड करायचे ठरले. घरी सुतारकाम चालूच होते, म्हणून सुताराकडून प्लायवूडच्या तुकड्याला ७, ९, ११ आणि १३ सुतांच्या खाचा पाडून घेतल्या. फरशीचा कोपरा ज्या खाचेत जेमतेम शिरेल, तो आकडा खडूने त्या कोपऱ्यावर लिहायचा. एकाच ठिकाणी मोजून भागत नाही, कारण निमुळती फरशी एका कोपऱ्याला ७ तर समोरच्या कोपऱ्याला ११ दाखवते. कडेला टेप लावणेही फसवे असते, कारण कापताना खालची कड उडालेली असते. कोपऱ्याकोपऱ्यात फार तफावत असलेल्या फरश्या बाजूला काढल्या आणि उरलेल्यांच्या जाडीप्रमाणे थप्प्या लावल्या. दुपारपर्यंत थप्प्या उभ्या राहिल्या, तेव्हा रंगही आपोआप वेगळे झालेले दिसले: जाड फरश्या हिरवट, मधल्या निळसर राखाडी. एका थरातला दगड एका थप्पीत आला होता. घरातल्या वहिनींनी ते आधी पाहिले आणि पट्टे कसे दिसतील हे त्यांनीच मांडून ठरवले.

सर्वांत जाड फरश्या फाटकाकडे, जिथे गाडी वळते तिथे घेतल्या. ८-९ सुतांच्या फरश्या उंबऱ्यापासून गोठ्याकडे जाणाऱ्या आजींच्या वाटेवर, आणि पातळ फरश्यांपैकी ज्या त्यातल्या त्यात बऱ्या होत्या त्या भिंतीलगत, जिथे भार नाही. एका ओळीत एकच जाडी ठेवल्यामुळे ओळीभर मसाल्याचा थर सारखा राहिला. जिथे थर जाड होता तिथे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू असा १:६चा कोरडसर मसाला दोन वेळा घालून प्रत्येक वेळी ठोकून बसवला. प्रत्येक फरशीची पाठ काथ्याच्या ब्रशने धुतली, कारण तिच्यावर मातीचा पदर राहिला तर सिमेंट दगडाला धरतच नाही. मग सिमेंटचा घोळ लावून ती रबरी हातोडीने दोरीला आणली. दुसऱ्या दिवशी हातोडीच्या दांड्याने एकेक वाजवून पाहिली आणि ज्या पोकळ वाजल्या त्या मेस्त्रींनी न कुरकुरता उचलून पुन्हा बसवल्या.

आजींच्या वाटेवर कोणत्याही सांध्यात अर्ध्या सुतापेक्षा जास्त उंचवटा राहिला नाही. दगडाच्या अंगचा खडबडीतपणा आहे, आणि एका फरशीच्या खोलगटात पाऊस थांबल्यावरही ओंजळभर पाणी उरते. तेवढे या दगडात धरूनच चालावे लागते.

निमुळत्या फरश्या कापून गोठ्याच्या कडेला वापरल्या, आणि ७ सुतांखालच्या उरलेल्या फरश्या पुरवठादारांनी थोडी घासाघीस करून परत घेतल्या. आता माझ्या प्रत्येक मागणीपत्रात "एक इंची" एवढेच न लिहिता "चारही कोपऱ्यांना ८ ते १० सूत, एकाच फरशीत २ सुतांपेक्षा जास्त फरक नको, या मापाबाहेरचा माल परत" असे लिहिलेले असते. यासाठी पुरवठादार चौरस फुटामागे थोडा जादा दर लावतात, आणि तो द्यावा असे मी मालकांना सांगते.