पिंग जातो पण रिप्लाय येत नाही: मशीनवर नॅटचा डबा लावताना

चाकण, रांजणगाव, तळेगाव, कुठल्याही प्लांटमध्ये जा, एकाच बिल्डरकडून आलेली तीन-चार मशीनं शेजारी शेजारी उभी असतात आणि प्रत्येकाच्या पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा, आयपी १९२.१६८.०.१, एचएमआयचा, म्हणजे ऑपरेटरच्या स्क्रीनचा, १९२.१६८.०.२. बिल्डरला नावं ठेवण्यात अर्थ नाही, सीमेन्सच्या टीआयए पोर्टल या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमध्ये नवीन प्रोजेक्ट केला की हेच पत्ते आपोआप पडतात आणि मशीन एकटं चालतंय तोवर कोणाचं काही अडत नाही. अडतं कधी, तर सगळ्या मशीनचं काउंट आणि डाउनटाइम एकाच स्क्रीनवर पाहिजे असं वरून येतं तेव्हा. सगळ्या केबली एका स्विचमध्ये घातल्या की आयपी कॉन्फ्लिक्ट. बरं पत्ते बदलावेत तर प्रोग्रामला बिल्डरचा पासवर्ड, मशीन वॉरंटीत, ड्राइव्ह आणि रिमोट आयओमध्ये पण तेच पत्ते भरलेले. म्हणून प्रत्येक मशीनच्या पॅनलमध्ये डिन रेलवर एक नॅटचा डबा, म्हणजे आतले आयपी बाहेरून वेगळे दाखवणारा छोटा राउटर, बसवायचा, २४ व्होल्ट द्यायचे, एक पोर्ट मशीनकडे म्हणजे लॅन, दुसरा प्लांट नेटवर्ककडे म्हणजे वॅन.

ब्राउझरमधलं काम खरंच सोपं आहे. डब्याचा फॅक्टरी आयपी बघायचा, मोक्साचा असेल तर १९२.१६८.१२७.२५४, सीमेन्सचा एस६१५ असेल तर १९२.१६८.१.१, आणि लॅपटॉपला त्याच रेंजमधला स्टॅटिक आयपी द्यायचा. वायफाय बंद करा, कारण ऑफिसच्या वायफायची रेंज तीच निघाली तर ब्राउझर भलतीकडेच जातो आणि तुम्ही डब्याला शिव्या देत बसता. पत्त्याआधी एचटीटीपीएस हाताने टाइप करा. सर्टिफिकेटची लाल वॉर्निंग येणार, डब्याने स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट असतं ते, केबल थेट डब्यात आहे तेव्हा अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन पुढे चला. लॉगिन झाल्याबरोबर पासवर्ड बदला, नंतर करू म्हटलं की राहतंच.

मग वन-टू-वन नॅटचं टेबल. समजा प्लांटची रेंज १०.२०.३०.० आहे आणि स्काडाचा, म्हणजे सगळ्या मशीनचा डेटा गोळा करून स्क्रीनवर दाखवणारा, सर्व्हर १०.२०.३०.५०. पहिल्या मशीनच्या १९२.१६८.०.१ ला बाहेरून १०.२०.३०.११ म्हणायचं, एचएमआयला १०.२०.३०.१२. हे पत्ते आयटीकडून आधी राखून घ्या, डीएचसीपीच्या, म्हणजे आपोआप वाटल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या, पूलमध्ये असतील तर एखाद्या दिवशी कोणाच्या तरी लॅपटॉपला मिळतील आणि डेटा मधेच गायब. बाहेरच्या या पत्त्यांसाठी एआरपीला, म्हणजे 'हा आयपी कोणाकडे आहे' या नेटवर्कवरच्या प्रश्नाला, उत्तर डब्यानेच द्यायचं असतं, काही डबे ते आपोआप करतात, काहींमध्ये वेगळं टिक करावं लागतं, तेवढं मॅन्युअलमध्ये बघा.

आता खरी मेख. सगळं भरलं, अप्लाय केलं, स्काडावरून १०.२०.३०.११ ला पिंग मारला, टाइमआउट. लॅपटॉप मशीनच्या बाजूला लावला की पीएलसी व्यवस्थित बोलतो, म्हणून सगळे म्हणतात डबा खराब आहे, बदला. डबा बिचारा बरोबर काम करत असतो. मशीनच्या बाजूला पोर्ट मिरर करून, म्हणजे तिथल्या पॅकेटची कॉपी लॅपटॉपकडे वळवून, वायरशार्क हे पॅकेट बघायचं सॉफ्टवेअर लावा, लगेच दिसतं: स्काडाकडून पोर्ट १०२ वर सिन, म्हणजे कनेक्शन मागणारं पॅकेट, येतोय, थोड्या वेळाने परत तोच सिन, परत तोच, आणि पीएलसीकडून त्याचं उत्तर, सिन-अ‍ॅक काही येत नाही. का, तर वन-टू-वन नॅटने फक्त कुठे जायचं तो पत्ता बदलला, कोणाकडून आलंय तो १०.२०.३०.५० तसाच राहिला. पीएलसी बघतो की हा आपल्या सबनेटमधला, म्हणजे आपल्या रेंजमधला, नाही, आणि गेटवे, म्हणजे रेंजबाहेर जायचा रस्ता, तर कोणी भरलेलाच नाही, मग उत्तर पाठवायचं कुठे? पत्र पोचलं पण परतीचा पत्ता ज्या गावचा आहे तिकडचा रस्ताच माहीत नाही, अशातली गत.

पुस्तकातला उपाय म्हणजे पीएलसीत 'यूज राउटर' टिक करून डब्याचा लॅन आयपी, समजा १९२.१६८.०.२५४, गेटवे म्हणून भरणे. पण तो हार्डवेअर कॉन्फिगरेशनचा बदल आहे, एस७-१२०० मध्ये डाउनलोड करताना सीपीयू स्टॉपला जातो, चालू शिफ्टमध्ये ते कोण करू देणार, आणि प्रोग्रामच हातात नसेल तर विषयच संपला. म्हणून मी सरळ लॅनच्या बाजूला सोर्स नॅट चालू करतो. मग डबा पाठवणाऱ्याचा पत्ता पण बदलून स्वतःचा १९२.१६८.०.२५४ लावतो, पीएलसीला वाटतं घरातलाच कोणीतरी विचारतोय, आणि तो उत्तर देतो. मशीनमधल्या एका बिटालाही हात लागत नाही. मला विचाराल तर डबा निवडताना किंमत नंतर बघा, आधी हे फीचर आहे का ते बघा. प्रोफिनेटचा, म्हणजे पीएलसी आणि रिमोट आयओ-ड्राइव्ह यांच्यातला, रिअल टाइम ट्रॅफिक मात्र या डब्यातून जाणार नाही, तो आयपीच वापरत नाही, त्यामुळे त्याची अपेक्षा ठेवू नका.

अजून एक, आणि याबद्दल मी साइटवर भांडतो. नॅट म्हणजे फायरवॉल नाही. वन-टू-वनमध्ये पॅकेट फिल्टर लावला नाही तर सगळेच पोर्ट आत जातात, आणि एचएमआय जुन्या विंडोजवर असेल तर ४४५, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगचा पोर्ट, सुद्धा. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल अडवलं होतं, तो व्हायरस नेटवर्कमध्ये याच ४४५ वरून पसरत होता. म्हणून फक्त स्काडाच्या आयपीला, फक्त लागतो तो पोर्ट, सीमेन्सला १०२, मॉडबस प्रोटोकॉलला ५०२, बाकी सगळं ड्रॉप. आणि डब्याचं वेब पेज वॅनच्या बाजूने बंद.

झालं की अप्लायवर थांबू नका, बऱ्याच डब्यांत सेव्ह वेगळं असतं, पॉवर ऑफ-ऑन करून टेबल टिकलंय का ते बघा. मग कॉन्फिग फाइल एक्सपोर्ट करा. दुसऱ्या मशीनला तीच फाइल इम्पोर्ट करायची, आतले पत्ते सगळे सारखेच आहेत, फक्त डब्याचा वॅन आयपी आणि बाहेरचे पत्ते १०.२०.३०.२१ पासून पुढे करायचे.