पडून राहणाऱ्या बॅटऱ्यांसाठी : आमची वाटचाल

बडोद्याच्या दांडिया बाजारात, घराच्या पुढच्या खोलीत आमचं दुरुस्तीचं काम चाले. स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, जे येईल ते. सयाजीरावांनी 1890 साली काढलेल्या कलाभवन या तंत्रशाळेत वडील शिकलेले. मीटर लावल्याशिवाय निदान करायचं नाही, ही शिस्त त्यांचीच.

आमच्याकडे येणाऱ्या बॅटऱ्यांत वापरून संपलेल्या कमी आणि पडून मेलेल्या जास्त असत. कुणाच्या सोसायटीच्या जनरेटरची, कुणा परदेशी राहणाऱ्याच्या बंद गाडीची. बडोद्यात लाइट क्वचित जाते, जनरेटर महिनोन्‌महिने उभा राहतो, आणि लिफ्ट अडकते त्या दिवशी स्टार्टर नुसता टक्‌ करतो. लेड ॲसिड बॅटरी बसल्याजागी उतरते, उन्हाळ्यात जास्तच. उतरलेल्या प्लेटांवर शिशाचं सल्फेट कडक होऊन बसलं की ते सहसा निघत नाही.

अशाच एका सोसायटीसाठी आम्ही पहिला चार्जर घरी जोडला, बॅटरीला कायम लावून ठेवायचा आणि ती भरलेली राखणारा. 15 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा ब्रिज, 2200 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, व्होल्टेज ठरावीक ठेवणारी एलएम 317 आयसी. तिला 240 ओहम आणि 2.2 के (किलो-ओहम) असे दोन रेझिस्टन्स, आणि 500 ओहमचा मल्टिटर्न प्रीसेट, म्हणजे स्क्रू फिरवून बारीक जुळवायचा रेझिस्टन्स. सामान एवढंच. खरं काम प्रीसेट लावण्याचं. 12 व्होल्टच्या बॅटरीला 25 अंशांना 13.5 ते 13.8 व्होल्ट चालतात, आम्ही 13.6 धरतो. कायम 14.4 वर ठेवली तर पाणी उडतं, 13 वर ठेवली तर सल्फेट हळूहळू धरतच राहतं.

आउटपुटला करंट एकाच दिशेने जाऊ देणारा शॉट्की डायोड हवाच. नाहीतर लाइट गेली की बॅटरी याच रेझिस्टन्समधून उलटी उतरते. 5 मिलिॲम्पिअर म्हणजे किरकोळ वाटतं, पण महिनाभरात साडेतीन ॲम्पिअर-अवर जातात. डायोडमध्ये थोडं व्होल्टेज पडतं, म्हणून 13.6 मोजायचं ते बॅटरीच्या टर्मिनलवर, आणि तेही बॅटरी पूर्ण भरल्यावर.

आम्हाला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो इथल्या मे महिन्याने. जनरेटरची पत्र्याची खोली सहज 45 अंशांवर जाते. तापलेल्या बॅटरीला अंशामागे साधारण 20 मिलिव्होल्ट कमी द्यावे लागतात, म्हणजे 13.6 चे 13.2 व्हायला हवेत. मग आम्ही 2.2 केच्या जागी 1 के घेतला, त्याच्या सिरीजमध्ये दहा 1एन4148 डायोड जोडले आणि ते बॅटरीच्या अंगालाच चिकटवले. प्रत्येक डायोड अंशामागे सुमारे 2 मिलिव्होल्ट घसरतो. दहांचे मिळून हवे तेवढे होतात. महागडी चिप न घालता हे साधलं, याचा आम्हाला आजही अभिमान आहे.

आता मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत भाड्याचा गाळा आहे. बोर्ड मुली सोल्डर करतात. प्रीसेट मात्र सौ. स्वतः लावते आणि वर नेलपॉलिशचा थेंब टाकून पक्का करते. तासाभरात बॅटरी भरणारा चार्जर बनवा, असा आग्रह बरेचजण करतात. ते काम आम्ही घेत नाही. पॉझिटिव्ह वायरला बॅटरीजवळच फ्यूज नसेल, किंवा गॅस बाहेर जायला खोलीला झरोका नसेल, तर आधी ते करून घेतो, मगच चार्जर भिंतीवर चढवतो.