प्लेटलेट ३८ हजार? आधी स्लाइड बघा

पाऊस लागला की आमच्या लॅबचा फोन थांबत नाही आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, प्लेटलेट किती आल्या? डेंग्यूच्या धास्तीने मुंबईत आता शाळकरी पोरांनाही किमान दीड लाख हव्यात हा आकडा पाठ झालाय.

गेल्या जुलैत घाटकोपरहून एक काकू आल्या, सोबत मुलगा. ताप दोनच दिवसांचा, तोही उतरलेला, पण दुसरीकडच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट ३८,०००. मुलगा रडवेला झालेला, "मॅडम, अ‍ॅडमिट करू का? प्लेटलेटच्या पिशवीसाठी ब्लड बँकेत फोन लावू का?" प्लेटलेट रक्त थांबवतात, त्या एवढ्या कमी असूनही काकूंच्या अंगावर एक लाल ठिपका नाही, हिरड्यांतून रक्त नाही, मला तिथेच खटकलं.

आमच्या मशीनवरही ४१ हजारच आले. मग स्मिअर ओढला, म्हणजे रक्ताचा थेंब काचेच्या स्लाइडवर पातळ पसरवला, लीशमनचा रंग दिला आणि मायक्रोस्कोपखाली ऑइल टाकून आधी शेपटीकडेच, म्हणजे स्मिअरच्या पातळ टोकाकडे गेले, कारण गुठळ्या असल्या की स्मिअर ओढताना त्या तिकडेच जाऊन साचतात. आणि होत्याच! जांभळट, दाणेदार, वीस-वीस तीस-तीस प्लेटलेट एकमेकींना चिकटलेल्या, साबुदाण्यात पाणी जास्त झालं की गोळा होतो ना, अगदी तसं. मशीन बिचारं आकार बघून मोजतं, एवढा गोळा त्याला प्लेटलेट वाटतच नाही, कधीकधी तर पांढरी पेशी म्हणून मोजून टाकतं.

जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, आणि काही जणांच्या रक्तात अशी अँटिबॉडी असते की त्या ईडीटीएमध्येच प्लेटलेट एकमेकींना धरतात. शरीरात काही नाही, जे होतं ते ट्यूबमध्ये. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, जिथे ईडीटीएऐवजी सायट्रेट रक्त गोठू देत नाही, परत रक्त घेतलं, लगेच मशीनला लावलं, १ लाख ७३ हजार. सायट्रेटने रक्त थोडं पातळ होतं म्हणून १.१ ने गुणायचं, म्हणजे १ लाख ९० हजार!

खरंच कमी असतील तर स्लाइड ओसाड दिसते, ऑइलखाली एका फील्डमधली (एका वेळी दिसणाऱ्या गोलातली) एक प्लेटलेट म्हणजे साधारण १५ हजार धरायच्या, तीन-चार फील्ड फिरून एखादी दिसली की माझ्याही पोटात गोळा येतो. आणि त्याच स्लाइडवर मलेरियाच्या जंतूची रिंगही सापडते, व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियातही प्लेटलेट पडतात हे विसरू नका.

मला राग एवढ्याचाच आला की आधीच्या रिपोर्टवर स्मिअर बघितल्याची एक ओळ नव्हती. पाच मिनिटांचं काम, त्यापायी ते घर रात्रभर जागं.

मी रिपोर्टवर ठळक लिहिलं, ईडीटीएमुळे क्लम्पिंग (गुठळ्या), काउंट सायट्रेटमध्येच करावा. काकूंना म्हटलं, हा कागद पर्समध्ये ठेवा, उद्या दाताचं काम असो की मोतीबिंदूचं, आधी हा दाखवा.