हादग्याची माळ

हादगा, म्हणजे हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून गाणी म्हणायचा खेळ, मुलींचा, पण त्याची फळांची माळ आम्हा मुलांची. आपल्या शाळेत ही वाटणी कुणी केली कोण जाणे. मी पाचवीत आलो तेव्हा ती होतीच. सूर्य हस्त नक्षत्रात शिरतो २७ सप्टेंबरच्या आसपास. त्या दिवशी हादगा बसायचा आणि चित्रकलेचे सर आमच्या वर्गाच्या फळ्यावर समोरासमोर दोन हत्ती काढायचे, सोंडा वर, पाठीवर रंगीत खडूची झूल. पुढचे १६ दिवस त्या फळ्याला डस्टर लागायचं नाही. गणिताचा तास त्यापायी व्हरांड्यात भरायचा आणि निम्मा वाया जायचा. आमची काही हरकत नव्हती.

सामान विकत आणायचं नाही, एवढा एकच नियम. ज्याच्या रानात जे असेल ते आणायचं. कृष्णाकाठच्या गावात त्या दिवसांत काय कमी? भुईमुगाच्या शेंगा, मिरच्या, कारली, दोडके, भेंडी, पेरू, कच्ची सीताफळं. दाभण आणि सुतळी शाळेची. वाटतं तेवढं सोपं नसतं ते. शेंगेच्या फुगीर भागात दाभण घातलं की टरफल फाटकन उकलतं. दोन दाण्यांच्या मध्ये जी कंबर असते तिथं टोक टेकवायचं आणि गोल फिरवत पलीकडं काढायचं. मिरची देठातून ओवायची, पोटातून ओवली की हात झोंबतात आणि तेच हात डोळ्याला लागतात. कारलं आडवं. जड फळ अगदी खाली, म्हणजे माळ ताणून सरळ राहते. तीन-चार दिवसांत पेरू पिवळे पडायचे आणि माळेतून एकेक करून नाहीसे व्हायचे. सर चौकशी करत नसत. “उद्या कोण आणतोय पेरू?” एवढंच विचारत, आणि विचारताना बरोबर पेरू खाणाऱ्याकडंच बघत.

नवरात्रात वर्गात घट बसायचा. पत्रावळीवर शेतातली माती, त्यात धान्य पेरलेलं. विज्ञानाच्या बाईंनी एका वर्षी दुसरी पत्रावळ खिडकीत ठेवायला लावली. कोपऱ्यातलं धान पिवळं, लांबलचक, लवलवतं. खिडकीतलं आखूड आणि हिरवंगार. उजेड नसला की रोपाला हिरवा रंग धरत नाही आणि ते उजेड शोधत उंच वाढतं, हे धड्यात नंतर आलं. शाळेच्या मावशींना मात्र हिरवा घट मुळीच पटला नाही. “असलं टोपीत खोवतात व्हय?” म्हणाल्या. दसऱ्याला सगळ्यांनी पिवळंच खोवलं.

दसऱ्याचं तोरण झेंडू आणि आंब्याच्या डहाळ्यांचं. झेंडूचा देठ खुडून सुई खालच्या हिरव्या भागातून घातली तर पाकळी गळत नाही. बाजारातली पुष्कळ तोरणं आजही मधोमध भोसकलेली असतात, संध्याकाळपर्यंत उंबऱ्यावर सडा. व्हरांड्यात बाजरीच्या कणसांचा झुंबर टांगायचो. तो चिमण्यांसाठी, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीपर्यंत नुसत्या दांड्या उरायच्या.

आपट्याची पानं ओळखायलाही आम्ही सरांबरोबर माळावर जाऊनच शिकलो. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि खोल चिरलेलं. आता शहरात सोनं म्हणून सर्रास कांचनच हातावर ठेवतात, आणि मी दरवर्षी ते सांगून नातेवाइकांचा रस घालवतो.

शाळेच्या अमृतमहोत्सवाचा कार्यक्रम नवरात्रातच आहे. पत्रिकेत ‘आकर्षक सजावट’ लिहिलंय आणि मंडपवाल्याकडून प्लॅस्टिकच्या फुलांच्या कमानी येणार असं कानावर आलंय. येऊ द्यात बापड्या. पण पाचवी-सहावीची पोरं आणि एक फळा आदल्या दिवशी दुपारी मला द्या. शेंगा-मिरच्या त्यांनी घरून आणाव्यात, दाभण मी आणतो. पेरू थोडे जास्तच सांगा.

— १९८४ च्या दहावीच्या तुकडीतला एक माजी विद्यार्थी